बूट सेल आणि समुद्र एकाच रविवारी: केंटच्या सहलीची क्रमवार आखणी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा उन्हाळ्यातला एक रविवार हमखास बिघडतो. सकाळी निवांत नाश्ता करून साडेदहाला कार बूट सेलच्या शेतावर पोहोचावे, तर निम्मे विक्रेते सामान आवरत असतात. तिथून घाईने समुद्र गाठावा, तर गाडी लावायला जागा नसते, आणि जागा मिळाली तर पाणी अर्धा मैल आत गेलेले असते. दोन्ही ठिकाणे चांगली असतात, क्रम मात्र चुकलेला असतो. बहुतेक जण दिवस ज्या क्रमाने घडणार त्याच क्रमाने त्याची आखणी करतात, म्हणजे आधी सेल ठरवतात आणि समुद्र उरलेल्या वेळेत बसवतात. आखणी उलट्या दिशेने करावी लागते. पहिल्यांदा भरती-ओहोटी पाहावी, तिच्यावरून किनारा ठरवावा, किनाऱ्यावरून रस्ता आणि रस्त्यावरून सेल.

नव्याने आलेल्यांसाठी एवढेच सांगणे पुरे की, कार बूट सेलमधला ‘बूट’ म्हणजे गाडीची डिकी. लोक घरातले नको असलेले सामान गाडीच्या डिकीत भरून मोकळ्या शेतात, रेसकोर्सवर किंवा शाळेच्या आवारात आणतात आणि डिकीसमोर टेबल मांडून विकतात. हंगाम साधारण ईस्टरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि मुख्य वार रविवार असतो. पुढील आखणी लंडनहून गाडीने केंटच्या किनाऱ्याकडे, मार्गेट-ब्रॉडस्टेअर्सच्या बाजूला जाणाऱ्या कुटुंबासाठी आहे. दुसऱ्या किनाऱ्याला जाणाऱ्यांनी गावांची नावे बदलावीत, पायऱ्यांचा क्रम बदलू नये.

१. आधी भरतीचे वेळापत्रक पाहावे

हे काम गुरुवारी किंवा शुक्रवारीच उरकावे. कोकणात वाढलेल्या माणसाला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता येते, पण तो हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते आणि मार्गेटची भरती ब्राइटनला लागू पडत नाही. त्यामुळे ज्या गावाला जायचे त्याच गावाचे वेळापत्रक उघडावे. तिथीचा उपयोग एवढाच की, अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि खूप आत जाते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत हा फरक कमी असतो. तेवढे इथेही खरे आहे.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ दररोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या रविवारी मित्राने सांगितलेली वेळ या रविवारी निरुपयोगी असते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा सुमारे बारावा भाग येतो, दुसऱ्यात दोन बारांश, आणि तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मा चढ होतो. ओहोटीनंतर तासभर पाणी जागचे हललेले दिसत नाही म्हणून लोक निश्चिंत होतात, आणि नेमके त्यानंतर ते झपाट्याने येते.

किनारा भरतीच्या वेळेनुसार निवडावा. दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान पूर्ण ओहोटी असेल, तर मार्गेटजवळच्या क्लिफ्टनव्हिलमधला वॉलपोल बे येथील भरतीच्या पाण्याचा तलाव सोयीचा ठरतो. १९३७ साली बांधलेल्या या सुमारे चार एकरांच्या तलावात समुद्र मागे गेल्यावरही पाणी अडून राहते. मार्गेटच्या मुख्य वाळूवर त्या वेळी मुलांना खेळायला मोठे पटांगण मिळते, पण पोहायला लांब चालावे लागते. उलट, दुपारी भरती असेल तर मार्गेटला किंवा ब्रॉडस्टेअर्सच्या व्हायकिंग बेला पोहणे सोपे, मात्र वाळूची पट्टी अरुंद होते आणि गर्दी त्या पट्टीतच बसते. चुन्याच्या पांढऱ्या कड्यांसाठी प्रसिद्ध असलेला बॉटनी बे ओहोटीत सुंदर असतो, पण भरती चढत असताना कड्यांच्या पायथ्याने एका खाडीतून दुसरीत चालत जाण्याचा विचार करू नये.

> तपासणी: काही छापील तक्त्यांतील वेळा ग्रिनिच वेळेनुसार दिलेल्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असते, तेव्हा अशा तक्त्यात एक तास मिळवावा लागतो. तक्त्याच्या तळाशी कोणती वेळ धरली आहे ते वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नये.

२. मग वाटेवरचा सेल निवडावा

एम-२५ वरून ए-२, पुढे एम-२ आणि शेवटी ए-२९९ असा मार्गेटचा नेहमीचा रस्ता आहे. सेल या रस्त्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आत असावा. केवळ मोठा आहे म्हणून विरुद्ध दिशेचा सेल धरला, तर समुद्राचे दोन तास रस्त्यातच जातात. केंटमध्ये पुष्कळ ठिकाणी ‘बूट फेअर’ असे नाव वापरतात, त्यामुळे शोधताना दोन्ही शब्द टाकून पाहावेत.

शेतावरच्या सेलचे भवितव्य मातीवर ठरते. आदल्या रात्री पाऊस पडला आणि रविवारी लख्ख ऊन असले, तरी चिखलात गाड्या रुततील म्हणून सेल रद्द होतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावरचा सेल अशा वेळी चालू असतो. म्हणून एक शेतावरचा आणि एक पक्क्या जमिनीवरचा, असे दोन सेल हाताशी ठेवावेत आणि निघण्यापूर्वी आयोजकांची त्या सकाळची सूचना पाहावी. महिनाभरापूर्वीच्या यादीवर विसंबून पहाटे साठ मैल गाडी हाकणारे लोक दर पावसाळी आठवड्यात बंद फाटकापाशी दिसतात.

वेळेबाबत तीन गोष्टी तपासाव्यात: विक्रेत्यांना कधी आत घेतात, ग्राहकांना कधी, आणि लवकर येणाऱ्या ग्राहकांसाठी जास्त प्रवेशशुल्क आहे का. पुष्कळ ठिकाणी विक्रेते सहाच्या आधीच येतात. ग्राहकाचे नेहमीचे प्रवेशशुल्क एखाद-दोन पौंडांच्या घरात असते. लवकर प्रवेशाचे जादा पैसे चांदी, जुनी घड्याळे किंवा गाण्याच्या तबकड्या शोधणाऱ्यांनीच द्यावेत. घरगुती भांडी, पुस्तके आणि मुलांची खेळणी हवी असणाऱ्याला सात-साडेसातला पोहोचले तरी पुरते.

३. शनिवारची तयारी

रविवारी सकाळी काही घेऊ, हा विचार इंग्लंडमध्ये चालत नाही. रविवारच्या व्यापाराचा कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहाच तास, आणि तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान उघडता येते. पहाटे सहाला मोठे सुपरमार्केट बंदच असणार. पेट्रोल पंपावर दूध-पाव मिळेल, पण महाग आणि मोजका. म्हणून पुढील कामे शनिवारी संध्याकाळी संपवावीत.

रोकड सुटी करून ठेवावी. आता काही विक्रेते फोनवर पैसे घेतात, पण शेतात नेटवर्क असेलच असे नाही. साधारण चाळीस पौंड, त्यातले निम्मे एक पौंड, दोन पौंड आणि पन्नास पेन्सच्या नाण्यांत आणि उरलेले पाच-दहाच्या नोटांत, एवढे एका कुटुंबाला पुष्कळ होते. सकाळी सातला पन्नास पेन्सच्या पुस्तकासाठी वीसची नोट पुढे करणारा ग्राहक विक्रेत्याला नकोसा वाटतो आणि भावही पाडून मिळत नाही. नाणी एका खिशात व नोटा दुसऱ्या खिशात ठेवाव्यात. भाव करताना नोटांची जुडी बाहेर काढणे हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

डिकी रिकामी करावी. हे सर्वांना कळते आणि कोणीही करत नाही. मुलांची गाडी, जुन्या पिशव्या, हिवाळ्यापासून पडलेले फावडे, सगळे काढून टाकावे. मग डिकीचे दोन भाग कल्पावेत: खाली व मागे सेलचे सामान, वर व पुढे समुद्राचे. टॉवेल, बदलायचे कपडे, सनस्क्रीन आणि डबा वरच्या थरात राहिला नाही, तर किनाऱ्यावर पोहोचल्यावर आधी दोन लोखंडी तवे आणि एक लाकडी खुर्ची रस्त्यावर उतरवावी लागते.

सेलसाठी लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: जाड कापडी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे, एक छोटे चुंबक, मोजपट्टी, भिंग, एए व एएए बॅटरींची प्रत्येकी एक जोडी, आणि ज्या जागेसाठी कपाट किंवा शेल्फ शोधत असाल त्या जागेची मापे लिहिलेला कागद. पायांत चिखल सोसणारे बूट असावेत, कारण जून महिन्यातही पहाटेचे गवत दवाने भिजलेले असते. चपला समुद्रासाठी वेगळ्या.

> सावधान: पोहे किंवा उपमा गरम डब्यात नेता येतो, पण दही-भात, अंड्याचे सँडविच यांसारखे पदार्थ बंद गाडीत पाच-सहा तास राहणार आहेत हे लक्षात ठेवावे. शीतपेटी आणि बर्फाच्या पिशव्या नसतील, तर ठेपले, दशम्या, कोरडी चटणी यांवर भागवावे.

४. मैदानावरची पहिली फेरी: पाहावे, थांबू नये

पहिल्या फेरीत साऱ्या रांगा झपझप चालून पुऱ्या कराव्यात. नव्या ग्राहकाची ठरलेली चूक म्हणजे पहिल्याच रांगेत तीन पिशव्या भरणे. त्यानंतर हात अडकतात, चाल मंदावते, आणि तीच वस्तू पाचव्या रांगेत निम्म्या भावात दिसते. अपवाद एकच: एकुलती एक, चांगली आणि स्वस्त वस्तू दिसली तर तिथेच घ्यावी, कारण परत येईपर्यंत ती जाते.

या फेरीत विक्रेत्यांची पारख करावी. एकाच प्रकारच्या नव्या वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यांतून मांडणारा, तंबू टाकलेला आणि गाडीऐवजी व्हॅन असलेला माणूस बहुधा व्यापारी असतो. त्याच्याकडे भाव ठरलेले असतात. घड्या घातलेले मुलांचे कपडे, अर्धवट कोड्यांची खोकी, एकाच घरातली भांडी मांडून बसलेले कुटुंब हे खरे घर आवरणारे. आपला वेळ त्यांच्याकडे घालवावा. त्यांना पैशांपेक्षा डिकी रिकामी होण्याची आस असते.

विक्रेता सामान उतरवत असताना त्याच्या डिकीत हात घालणे किंवा खोकी उघडून पाहणे असभ्य समजले जाते. काही सराईत खरेदीदार तसे करतात म्हणून आपणही करावे असे नाही. सामान टेबलावर येईपर्यंत दोन पावले मागे उभे राहावे.

५. दुसरी फेरी: वस्तू हातात घेऊन तपासावी

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे घेतलेली वस्तू परत करण्याची सोय जवळजवळ नसते. दुकानदाराकडून घेतलेल्या मालाला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे जे संरक्षण मिळते, ते खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या मालाच्या दर्जाला मिळत नाही. विक्रेत्याने वस्तूचे वर्णन खोटे केले असेल तर तक्रारीला जागा आहे, पण पुढच्या रविवारी तो माणूस सापडणार कुठे? म्हणून शंका असेल ते तोंडाने विचारावे. ‘हे चालते का?’ या थेट प्रश्नाला बहुतेक लोक खरे उत्तर देतात.

*भांडी.* ओतीव लोखंडाचे जुने तवे आणि पॅन इथे चांगले मिळतात आणि घावन-भाकरीला उत्तम चालतात. वरचा गंज घासून जातो, तडा मात्र जात नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर स्वच्छ नाद आला तर पॅन अखंड असतो, आणि बद्द आवाज आला तर तडा शोधावा. सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का पाहावे, कारण काचेच्या शेगडीवर डुगडुगणारे भांडे नीट तापत नाही. इंडक्शन शेगडी असेल तर चुंबक बुडाला लावून पाहावे, चिकटले तरच भांडे चालते. आतून टवके उडालेले एनॅमलचे भांडे आणि ओरखडे पडलेले नॉनस्टिक कितीही स्वस्त असले तरी ठेवून द्यावे. प्रेशर कुकर घ्यायचाच असेल तर त्या मॉडेलचे रबर आणि झडप अजून बाजारात मिळते की नाही हे तिथल्या तिथे फोनवर पाहावे. जुन्या, भडक रंगाच्या चिनी मातीच्या ताटल्यांच्या झिलईत शिसे असू शकते. त्या भिंतीवर लावाव्यात, आंबट भाजी वाढू नये.

*चांदी आणि सोने.* भिंगाचा उपयोग इथे. ब्रिटिश स्टर्लिंग चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप किंवा ९२५ हा आकडा असतो. नांगर बर्मिंगहॅमचा, बिबळ्याचे तोंड लंडनचे, असे शहरांचे छाप त्याशेजारी असतात. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे दिसली तर ती चांदी नव्हे, नुसता मुलामा आहे. सोन्याबाबत मराठी माणसाचा डोळा फसतो, कारण आपल्याला २२ कॅरेटचा पिवळाधमक रंग सवयीचा असतो आणि इथले पुष्कळसे जुने दागिने ९ कॅरेटचे, म्हणजे ३७५ छापाचे असतात. ते फिके दिसतात, पण खोटे नसतात. छाप नसलेले सोने म्हणून सांगितले जाणारे काहीही सोन्याच्या भावात घेऊ नये.

*विजेच्या वस्तू.* वायर सोललेली, चिकटपट्टी गुंडाळलेली किंवा प्लगपाशी सैल असेल तर वस्तू सोडावी. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांत आपल्या बॅटरी घालून पाहाव्यात. बॅटरी ठेवायच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर असेल तर तेवढ्यावरूनच नकार द्यावा. नाण्यासारख्या चपट्या बॅटरीच्या खेळण्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले नसेल, तर लहान मूल असलेल्या घरात ते येऊ देऊ नये. अशी बॅटरी गिळणे जीवघेणे ठरू शकते. विजेची ब्लँकेट तर वापरलेली घ्यायचीच नाही.

*फोन आणि सायकल.* चोरीची वस्तू आपण प्रामाणिकपणे विकत घेतली तरी मूळ मालक ती परत मागू शकतो आणि पैसे बुडतात. फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, घ्यावा व तपासावा. मागच्या मालकाचे खाते अजून जोडलेले असेल तर फोन घेऊ नये. सायकलीच्या सांगाड्यावरचा क्रमांक बाइकरजिस्टर या सायकलींच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. क्रमांक खरवडलेला असेल तर तपासण्यासारखे काही उरत नाही, चालू लागावे.

*गादीवाल्या खुर्च्या आणि सोफे.* आगप्रतिबंधक नियमांचे कायमचे शिवलेले लेबल आहे का ते गादीखाली पाहावे. लेबल नसलेला सोफा पुढे विकणे अवघड जाते आणि धर्मादाय दुकानेही सहसा घेत नाहीत.

> सावधान: मुलांची कार सीट आणि सायकलचे हेल्मेट वापरलेले घेऊ नये. अपघातात एकदा दणका बसलेली सीट बाहेरून धड दिसते, आतून गेलेली असू शकते, आणि तिचा इतिहास विक्रेत्यालाही ठाऊक नसतो. नामांकित कंपन्यांचे बूट, पर्सेस आणि अत्तरे नव्या खोक्यांत पाव किमतीला दिसली तर ती नकली समजावीत.

६. भाव करणे आणि पैसे देणे

घासाघीस इथे चालते, तिची रीत मात्र मंडईतल्यापेक्षा सौम्य असते. वस्तूला नावे ठेवून भाव पाडण्याची आपली सवय गाडीतच ठेवावी. समोरचा माणूस आपल्या आईच्या घरातली कपबशी विकत असतो आणि तिला भंगार म्हटल्यावर तो भाव कमी करण्याऐवजी ती काढून ठेवतो. आधी अभिवादन, मग ‘याचे किती घ्याल?’ अशा अर्थाचा साधा प्रश्न. आठ पौंड सांगितले तर पाच-सहा विचारणे रीतीला धरून आहे, दोन विचारणे नाही. खरी सूट तीन-चार वस्तू एकत्र घेतल्यावर मिळते. पन्नास पेन्सच्या वस्तूवर घासाघीस करू नये, ते कोणालाच शोभत नाही. आणि आपण सांगितलेला भाव त्याने मान्य केला की, वस्तू घ्यायचीच. मान्य झाल्यावर मागे फिरणे वाईट दिसते.

सुटे परत घेताना नाणी नीट पाहावीत. चालू पौंड दोन रंगांचा व बारा कोनांचा आहे. जुना गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७ पासून व्यवहारातून गेला आहे, आणि वीस व पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चालत नाहीत. कोणाच्या तरी मावशीच्या डब्यातून निघालेली अशी नोट मैदानावर अजूनही फिरू शकते.

साडेनऊ ही थांबण्याची वेळ मानावी. दहानंतर उरलेसुरले फुकटात मिळते हे खरे, पण त्या तासाभराच्या मोबदल्यात समुद्राची गाडीतळाची जागा जाते.

विक्रेता म्हणून जाणाऱ्यांसाठी थोडे

टेबल मांडायचे असेल तर वरचे वेळापत्रक मोडते. पुष्कळ सेलमध्ये ग्राहक फिरत असताना गाड्या हलवू देत नाहीत आणि ठरलेल्या वेळेआधी बाहेर पडता येत नाही. म्हणून विक्री आणि समुद्र एका दिवसात बसवायचे असतील, तर दुपारी उशिरा भरती असलेला रविवार निवडावा. घरी केलेल्या चकल्या-लाडू विकण्याचा मोह आवरावा. खाद्यपदार्थांचा नियमित व्यवसाय करायचा असेल तर सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी लागते. विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी अधिक जपावे. स्वतःच्या वापरातले सामान विकून मोकळे होणे वेगळे, आणि स्वस्तात घेऊन दर रविवारी चढ्या भावाने विकणे वेगळे. दुसरा प्रकार व्यवसायात मोडतो आणि त्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करण्यास मनाई आहे.

७. गाडी भरणे आणि पुढचा रस्ता

जड वस्तू तळाशी आणि मागच्या सीटला टेकवून ठेवाव्यात. लोखंडी तवा सैल राहिला तर जोरात ब्रेक लागल्यावर तो पुढे येतो. काचेच्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात, आडव्या नाही. सगळ्यावर चादर टाकावी, कारण गाडी दिवसभर समुद्राकाठी उभी राहणार आहे आणि काचेतून दिसणारे सामान चोराला आमंत्रण देते. मेणबत्त्या, तबकड्या आणि जुने फोटो तापलेल्या गाडीत वाकतात किंवा वितळतात, ते पायांशी सावलीत ठेवावेत.

मार्गेटच्या बाजूला उन्हाच्या रविवारी अकराच्या आत पोहोचावे. पार्किंगचे पैसे अॅपवरून भरायचे असतील तर अॅप शनिवारी घरीच उतरवून, गाडीचा क्रमांक घालून ठेवावे.

> सावधान: पार्किंगच्या यंत्रावर किंवा खांबावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करू नये. खऱ्या पाटीवर खोटे स्टिकर लावून बँकेची माहिती काढून घेण्याचे प्रकार झाले आहेत. पाटीवरचा जागेचा क्रमांक अॅपमध्ये हाताने टाकावा.

८. किनाऱ्यावर

पाण्यात उतरण्यापूर्वी झेंडे पाहावेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी, आणि जीवरक्षकांचे लक्ष त्यावर असते. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्यांमधला भाग सर्फिंगच्या फळ्यांसाठी, तिथे पोहू नये. लाल झेंडा असेल तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही. नारिंगी वारापिशवी फडकत असेल तर वारा समुद्राकडे वाहत आहे आणि हवा भरलेली खेळणी पाण्यात नेणे धोक्याचे आहे. सेलमध्ये दोन पौंडांना मिळालेली रबरी होडी त्याच दिवशी समुद्रात ढकलण्याची हौस पुष्कळांना असते. ती होडी घरामागच्या अंगणासाठी ठेवावी.

पाण्याच्या तापमानाबद्दल आपल्याकडच्या अनुभवावरून अंदाज बांधू नये. बाहेर २८ अंश असले तरी मे-जूनमध्ये पाणी १५ अंशांच्या खाली असू शकते, आणि अशा पाण्यात एकदम उडी मारल्यास श्वास अडकून पोहणाराही गटांगळ्या खातो. हळूहळू, कमरेपर्यंत उभे राहून शरीराला सवय करावी. अडचणीत सापडल्यास हातपाय मारण्याऐवजी डोके मागे टेकवून, कान पाण्यात ठेवून पाठीवर तरंगत राहावे, श्वास ताब्यात आल्यावर हात वर करून हाक मारावी. काठावरच्या माणसाने पाण्यात उडी न घेता ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागावे.

सपाट वाळूचा किनारा सुरक्षित वाटतो, आणि फसगत इथेच होते. केंटच्या सीमेलगतच्या कॅम्बर सँड्सवर २४ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण-पूर्व लंडनहून आलेले पाच तरुण मित्र बुडून मृत्युमुखी पडले. त्या वेळी तिथे जीवरक्षक नव्हते. अशा किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे आणि त्यांमागे खोलगट भाग असतात. भरती आधी त्या खोलगट भागांत भरते, म्हणजे गुडघाभर पाण्यात उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या आणि काठाच्या मध्ये खोल पाणी तयार होते. म्हणून ओहोटीत दूरवर चालत जाताना वळण्याची वेळ घड्याळात आधीच लावावी. व्हिटस्टेबलला थांबणाऱ्यांनी तिथल्या ‘द स्ट्रीट’ या ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खड्यांच्या पट्ट्यावर चालावे, पण त्याच्या कडेने पोहू नये, तिथे ओढ जबर असते.

> तपासणी: आदल्या दोन दिवसांत जोरदार पाऊस झाला असल्यास पाण्याच्या शुद्धतेची सूचना पाहावी आणि सूचना प्रतिकूल असेल तर केवळ वाळूत खेळावे. मुलांना भेटण्याची जागा ठरवून द्यावी व त्यांनी घातलेल्या कपड्यांसह सकाळीच एक फोटो काढून ठेवावा.

वाळूत उथळ पाण्यात अनवाणी चालताना एकदम तीव्र कळ आली, तर बहुधा वीव्हर माशाचा काटा लागलेला असतो. थंड पाणी किंवा बर्फ लावू नये. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय अर्धा तास ठेवल्याने कळ उतरते. जीवरक्षकांकडे त्याची सोय असते.

खाण्याबाबत एकच प्रश्न विचारायला विसरू नये: बटाट्याचे चिप्स कशात तळले आहेत? यॉर्कशायरसारख्या उत्तरेकडच्या भागांत गोमांसाच्या चरबीत तळण्याची पद्धत सर्रास आहे. दक्षिणेकडे वनस्पती तेल अधिक वापरतात, तरी विचारूनच घ्यावे. शाकाहाऱ्यांनी त्याच तेलात मासे तळतात का हेही विचारावे. खाताना भिंतीला पाठ लावून बसावे, कारण सीगल पक्षी मागून येऊन हातातला घास उचलतात आणि लहान मुले घाबरतात.

९. परतल्यावर त्याच रात्री

मऊ खेळणी, पडदे आणि कपडे घरात पसरण्यापूर्वी थेट धुण्याच्या यंत्रात घालावेत, शक्य असेल ते ६० अंशांवर. धुता न येणारी लोकरीची वस्तू पिशवीत बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास कसर मरते. लाकडी खुर्चीच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणींत ढेकणांचे काळे ठिपके दिसतात का ते बाहेर, उजेडात पाहावे. एकदा ढेकूण गालिच्यात गेले की, वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. लोखंडी तवा घासून, शेगडीवर पूर्ण कोरडा करून तेलाचा हात फिरवावा. ओला ठेवला तर सकाळपर्यंत लाल होतो.

जे एसेक्सच्या बाजूने थेम्स नदीवरचे डार्टफर्ड क्रॉसिंग ओलांडून आले असतील, त्यांनी झोपण्यापूर्वी त्याचा आकार ऑनलाइन भरावा. तिथे पैसे घ्यायला नाका नाही, कॅमेरा पाटी टिपतो, आणि ओलांडल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे न भरल्यास दंडाची नोटीस घरी येते. सकाळी सहा ते रात्री दहा ही आकाराची वेळ आहे. जाताना आणि येताना असे दोन आकार स्वतंत्र भरावे लागतात. पहाटे सहाच्या आधी ओलांडले असेल तर जाण्याचा लागत नाही, येण्याचा मात्र लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.